पापणीखालची सूज परत परत येतेय? या चुका टाळा

डोळ्याखाली सूज येते, थोडा पू येतो, थेंब घातले की बरं वाटतं. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. कुणी रांजणवाडी म्हणतं, कुणी अश्रुपिशवीचा संसर्ग. अशा वेळी एक गोष्ट सांगायची राहून जाते: पूर्वी डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं होतं आणि तिथे इम्प्लांट, म्हणजे आधारासाठीचा कृत्रिम तुकडा, बसवला आहे.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक हीच. ऑपरेशन जुनं झालं, आता त्याचा काय संबंध, असं वाटतं. पण सिलिकॉन, टायटॅनियमची जाळी किंवा सच्छिद्र पॉलिएथिलीन तिथे कायमचं असतं. संसर्ग अनेक वर्षांनी, कधी दशकांनीही उद्भवू शकतो. ऑपरेशनचे कागद जपून ठेवा. काही इम्प्लांट सीटी स्कॅनमध्ये ठळक दिसत नाहीत, म्हणून स्कॅन करणाऱ्यालाही तो आहे हे आधी सांगा.

दुसरी चूक म्हणजे प्रतिजैविकांचे कोर्स मागून कोर्स घेत राहणं. जंतू इम्प्लांटवर बायोफिल्म नावाचा चिकट थर तयार करतात आणि त्याच्या आत औषध नीट पोहोचत नाही. सिलिकॉनसारख्या गुळगुळीत पदार्थाभोवती तर शरीर एक पिशवी विणतं, तिच्यात स्राव साचतो. म्हणून गोळ्या संपल्या की सूज परत येते. पापणीखाली भोक पडून पू झिरपू लागला, तर वरून मलम लावून ते बुजत नाही.

दात आणि सायनस विसरू नका. खोबणीच्या तळाखालीच गालाची सायनस, म्हणजे हाडातली हवेची पोकळी, असते आणि वरच्या दाढांची मुळं तिला लागून असतात. तिथला संसर्ग वर सरकू शकतो.

नजर कमी होणं, रंग फिके दिसणं, डोळा पुढे येणं, हलवताना दुखणं, ताप: यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. यात खरंच थांबू नका.

इम्प्लांट काढला तर डोळा खाली बसेल, या भीतीने पुष्कळ जण ऑपरेशन टाळतात. ही भीती समजण्यासारखी आहे. पण इतक्या वर्षांत तिथे घट्ट व्रणऊती तयार झालेली असते आणि बहुतेकदा तीच डोळ्याला आधार देते. नवा इम्प्लांट लागतोच असं नाही. काढलेला इम्प्लांट आणि पू कल्चरला (कोणते जंतू आहेत हे पाहणाऱ्या तपासणीला) पाठवला ना, एवढं मात्र सर्जनला विचारा.