इंग्लंडमध्ये पंधरा वर्षं जुनी गाडी घ्यायची तर

लेस्टरला राहायला आल्यापासून स्वतःसाठी चार आणि ओळखीच्यांसाठी डझनभर तरी जुन्या गाड्या मी बघून, ठोकून-वाजवून घेतल्या आहेत. नवीन कुटुंब आलं की महिन्याभरात मेसेज ठरलेला: "ताई, एक गाडी बघितली, एकदम चकाचक आहे, उद्या पैसे देऊ का?" सोबत सात-आठ फोटो, बॉनेटमध्ये आभाळ दिसेल इतकं पॉलिश. मी उलट एकच विचारते, गाडीचा नंबर काय आहे? आणि नेमका तोच कुणी पाठवलेला नसतो.

दीड ते तीन हजार पौंडांत जुनी पेट्रोल गाडी घेणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

१. आधी विम्याचा दर काढा

गाडी पसंत करून मग विमा बघायला बसणारे हमखास रडतात. भारतातलं लायसन्स आणि इथला शून्य अनुभव यामुळे पहिल्या वर्षीचा विमा गाडीच्या किमतीच्या जवळपास जाऊ शकतो. माझी पहिली गाडी १,३५० पौंडांची, विमा १,१०० चा. तिकडच्या बारा वर्षांच्या नो-क्लेम बोनसची बहुतेक कंपन्या दखलही घेत नाहीत. तुलना करणाऱ्या साइटवर मनातल्या तीन-चार गाड्यांचे नंबर टाका, आणि दर बघून गाडी ठरवा.

कुणीतरी सल्ला देईल की इथे जुन्या असलेल्या मित्राला मुख्य चालक दाखव, तू दुसरा चालक हो, विमा निम्म्यावर येतो. असलं काही करू नका. याला इथे फ्रंटिंग म्हणतात, ही सरळ फसवणूक धरली जाते आणि अपघात झाला की कंपनी हात वर करते.

भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालतं आणि ते बदलूनही मिळत नाही. थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. तारखा लवकर मिळत नाहीत, तेव्हा प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्सचा अर्ज पहिल्याच महिन्यात करा.

२. गाडी कोणती

छोटं पेट्रोल इंजिन, साधे गिअर. टोयोटा यारिस, होंडा जॅझ असलं काहीतरी. शाळा आणि बाजार एवढंच फिरणं असेल तर जुनी डिझेल नको, तिचा धुराचा फिल्टर तुंबतो. शिवाय लंडनच्या युलेझमध्ये (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांकडून पैसे घेणारा पट्टा) अशा गाडीला दिवसाला १२.५० पौंड आणि बर्मिंगहॅमच्या तशाच पट्ट्यात ८ पौंड मोजावे लागतात. पेट्रोल गाडी साधारण २००६ नंतरची असेल तर बहुधा सुटते. तरी सरकारी साइटवर नंबर टाकून खात्री करा.

३. एमओटीचा इतिहास वाचा

आपल्याकडे जमीन घेताना सातबारा बघतो, जुने फेरफार काढतो. इथल्या गाडीचा सातबारा म्हणजे एमओटीचा इतिहास. तीन वर्षांवरच्या प्रत्येक गाडीची दरवर्षी तपासणी होते आणि २००५ पासूनच्या नोंदी सरकारी साइटवर फुकट दिसतात. फक्त नंबर टाकायचा. पास की नापास, त्या दिवशी मीटरवर किती मैल होते आणि तपासनिसाने काय शेरे मारले, सगळं तिथे असतं. आणि तरीही लोक वरचा हिरवा 'पास' बघून पान बंद करतात! मीही तेच केलं होतं.

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मी २००४ ची चंदेरी हॅचबॅक घेतली. विकणारा गोड बोलायचा आणि सारखं सांगायचा, "बारा महिन्यांचा ताजा एमओटी आहे, एकही शेरा नाही." खरंच नव्हता. पुढच्या सप्टेंबरात गाडी तपासणीला नेली तर तपासनिसाने मला रॅम्पखाली बोलावलं. "हे बघ, मी डक," (म्हणजे 'माझं बदक', लेस्टरकडे लाडाने असंच म्हणतात) असं म्हणून त्याने दाराखालच्या सिलवर, म्हणजे पत्र्याच्या पोकळ पट्टीवर, स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं. काळ्या लेपाचा वितभर तुकडा सोलून खाली पडला. आत लोखंड नव्हतंच. पुट्टी, जाळी आणि तिच्यामागे कोंबलेला पिवळा फोम. दोन्ही बाजूंच्या वेल्डिंगचा अंदाज ६८० पौंड. गाडी भंगारात गेली, हातात १५० आले.

त्या रात्री मी पहिल्यांदा पूर्ण इतिहास वाचला. २०१६: डावी मागची सिल गंजलेली, अजून कमकुवत नाही. २०१७: दोन्ही सिल गंजलेल्या, ब्रेकचे पाइपही. २०१८: काहीच नाही. गंज बरा होत नसतो. शेरा गायब झाला म्हणजे एक तर कुणी नीट वेल्डिंग केलं, आणि मग त्याची पावती असायला हवी, नाहीतर कुणी तो झाकला. पावती मागायचं मला सुचलं नाही, कारण शेरा होता हेच मला माहीत नव्हतं.

म्हणून इतिहास खालून वर वाचा, सगळ्यात जुन्या वर्षापासून, आणि शब्द वर्षागणिक कसे बदलतात ते बघा. 'वरवरचा गंज'चा 'गंजलेलं' होतो, मग नापास, मग दुसऱ्याच दिवशी पास. एका दिवसात पास झालेली गाडी दुरुस्त झालीही असेल, पण काय केलं ते विचारा. खाली कव्हर असल्यामुळे काही भाग दिसला नाही, असा शेरा पुष्कळ गाड्यांना असतो. त्याने घाबरू नका, पण तपासनिसाने तो भाग पाहिलेला नाही हे लक्षात ठेवा. टायर झिजून मर्यादेच्या जवळ आलेत, हा शेरा चार वर्षं लागोपाठ दिसला तर मालक कंजूष. जो टायरला पैसे काढत नाही, तो ऑइलही वेळेवर बदलत नसतो.

मैलांचे आकडे ओळीने कागदावर उतरवा. मीटर मागे फिरवला असेल तर लगेच कळतं. एखाद्याच वर्षी आकडा भलताच असेल आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा रांगेत आला असेल, तर बहुधा तपासनिसाची टंकनातली चूक. २०२० मध्ये नोंद नसेल किंवा सहा महिने उशिरा असेल तर तो कोविडचा प्रताप, तेव्हा सरकारनेच मुदत वाढवली होती. इतर वर्षी खंड दिसला तर कारण विचारा.

आता एक मत, ज्यावरून माझे वाद होतात. 'एका आजीबाईंची गाडी, फक्त ३५,००० मैल' ही जाहिरात वाचून लोक धावतात. मी १,१०,००० मैलांची, दरवर्षी सर्व्हिस झालेली गाडी घेईन. इतकी कमी फिरलेली गाडी अंगणात, ओल्या गवतावर उभी राहून कुजलेली असते.

आणि ताजा एमओटी म्हणजे ती गाडी त्या दिवशी पास झाली, बस. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सच्या तब्येतीची तपासणी त्यात होतच नाही.

४. जमिनीवर आडवे व्हा

कोकणातल्यांना हे सांगावं लागत नाही. रत्नागिरीत खाऱ्या हवेने खिडकीचे गज कसे फुगतात ते त्यांनी पाहिलेलं असतं. इथे हवेची वाट बघावी लागत नाही, हिवाळ्यात नगरपालिका स्वतः रस्त्यांवर मीठ टाकते. पंधरा हिवाळ्यांचं मीठ गाडीच्या पोटाला लागलेलं असतं.

जुनी चादर, टॉर्च आणि एक मॅग्नेट न्या. फ्रिजवर शनिवारवाडा चिकटवलेला असेल तोच चालेल. पातळ रुमालात गुंडाळून मागच्या चाकांच्या कमानींवरून आणि सिलवरून फिरवा. लोखंडावर धरतो, पुट्टीवर घसरतो. सिलवर प्लॅस्टिकची पट्टी असेल तर खालच्या कडेने हात घाला. बोटाच्या पेराने ठोका. निरोगी पत्रा टणक वाजतो, कुजलेला बद्द.

सायलेन्सर आणि सस्पेन्शनच्या दांड्यांवरचा तपकिरी थर सगळ्याच गाड्यांना असतो, त्यावरून गाडी नाकारू नका. पापुद्रे सुटत असतील तर मात्र नाकारा, विशेषतः मागच्या स्प्रिंग बसतात तिथे आणि ब्रेकच्या पाइपांवर. आणि विकायच्या तोंडावर खालून ताजा काळा लेप दिला असेल, तर माझ्यापुरता विषय तिथेच संपतो. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खळग्यात पाणी आहे का तेही बघा.

फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. त्यापेक्षा विकणाऱ्याची परवानगी काढून जवळच्या गॅरेजात वीस-तीस पौंड देऊन रॅम्पवर चढवून घ्या. परवानगी नाकारली तर तेवढंच उत्तर पुरे.

५. गाडी चालवून बघा

येण्याआधी गाडी सुरू करू नका असं सांगून ठेवा. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर का ते विचारा. तुमचा विमा असेल तरच स्वतः चालवा, नाहीतर त्याला चालवू द्या आणि तुम्ही कान द्या. विमा नसताना पकडलं तर ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर सहा दंडाचे पॉइंट.

६. गाडीवर बोजा आहे का

आपल्या आरसी बुकात हायपोथिकेशन लिहिलेलं असतं, म्हणून आपण निर्धास्त असतो. इथल्या लॉगबुकात, म्हणजे व्ही-फाइव्ह-सी मध्ये, कर्जाचा उल्लेखच नसतो. इतकंच काय, हा मालकीचा पुरावा नाही असं त्यावरच छापलेलं असतं. दहा-वीस पौंड भरून इतिहासाचा पूर्ण अहवाल काढा. कर्ज, चोरी, आणि अपघातात विमा कंपनीने निकालात काढली होती का, तिन्ही कळतं. ऑक्टोबर २०१७ पासून निकालात काढून पुन्हा रस्त्यावर आलेल्या गाडीपुढे एस किंवा एन असं अक्षर असतं. एस म्हणजे सांगाड्यालाच मार बसलेला. मी घेत नाही, तुम्हीही घेऊ नका.

७. पैसे आणि कागद

व्यवहार विकणाऱ्याच्या घरीच करा, आणि लॉगबुकावरचा पत्ता तोच आहे ना ते बघा. विंडस्क्रीनच्या कोपऱ्यातला चासी नंबर लॉगबुकाशी जुळवा. पैसे बँकेतून, समोरासमोर, किल्ल्या हातात आल्यावर. नव्या खात्यावरून मोठी रक्कम पाठवली की बँक कधीकधी अडवून धरते, म्हणून आदल्या दिवशी विकणाऱ्याच्या खात्यात एक पौंड पाठवून ठेवा.

विकणाऱ्याने तुमच्यासमोरच सरकारी साइटवर तुमचं नाव-पत्ता भरायला हवा. जुन्या मालकाने भरलेला रोड टॅक्स २०१४ पासून नव्या मालकाला मिळत नाही. लॉगबुकाची हिरवी चिठ्ठी तुम्हाला मिळते, तिच्यावरच्या १२ आकडी क्रमांकाने तिथेच फोनवरून टॅक्स भरा आणि विमा त्या मिनिटापासून सुरू करा. मगच गाडी रस्त्यावर काढा. नवं लॉगबुक पोस्टाने येतं. ते हातात पडेपर्यंत हिरवी चिठ्ठी जपा, कारण पोस्टात हरवलं तर चिठ्ठी असणाऱ्याला ते फुकट मिळतं आणि नसणाऱ्याला २५ पौंड पडतात.