एका ट्रान्झिस्टरचं डिस्टॉर्शन पेडल, घरच्या टेबलावर

गिटारचं पेडल, म्हणजे गिटार आणि ॲम्पच्या मध्ये बसणारी, आवाज बदलणारी डबी, स्वतः बनवायची म्हणून बरेच जण पहिल्याच दिवशी डिले (आवाजाचा प्रतिध्वनी) किंवा कोरस (आवाज दुहेरी, जाडसर वाटणं) यांचं सर्किट उचलतात. पन्नास-साठ सुटे भाग, एवढासा बोर्ड. आवाज आला नाही की कुठे शोधायचं तेही कळत नाही. माझं सांगणं एवढंच की पहिलं पेडल एका ट्रान्झिस्टरचं करा आणि ते निदान दोन संध्याकाळी ब्रेडबोर्डवरच, म्हणजे सोल्डर न करता भाग नुसते खोचायच्या बोर्डवरच, राहू द्या. कोणता भाग काय करतो ते तिथेच कानाला कळतं. डबीत गेल्यावर कोण पुन्हा उघडून बघतं?

सर्किट जुनं आहे, इलेक्ट्रा डिस्टॉर्शन या नावाने ओळखलं जातं. मी ते बीसी ५४९सी ट्रान्झिस्टरवर करते. त्याचे तीन पाय: कलेक्टर, बेस आणि एमिटर. नऊ व्होल्टच्या बॅटरीच्या प्लसपासून ४.७ किलोओहमचा रेझिस्टर कलेक्टरला. कलेक्टरपासून बेसला २.२ मेगाओहम. एमिटरपासून ग्राउंडला ६८० ओहम. गिटारचा सिग्नल १०० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून बेसवर. त्यावर १०४ असं छापलेलं असतं. तसाच दुसरा १०४ कलेक्टरवरून बाहेर, आणि तो जिथे बाहेर पडतो तिथून ग्राउंडला दोन डायोड, एकमेकांच्या उलट दिशेने. मग १०० किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट, म्हणजे फिरवून कमीजास्त करायचा रेझिस्टर: एका टोकाला सिग्नल, दुसऱ्या टोकाला ग्राउंड, मधल्या पायावरून ॲम्पकडे. बॅटरीचा मायनस, दोन्ही जॅकच्या बाह्या (स्लीव्ह, म्हणजे ग्राउंडचा पाय) आणि ग्राउंड, हे सगळं एकच. झालं सर्किट.

रेझिस्टरचे रंग दिव्याखाली धरून वाचा, तरी शंका आली तर मल्टिमीटरवर मोजा. ४.७ किलो म्हणजे पिवळा-जांभळा-लाल, ६८० म्हणजे निळा-करडा-तपकिरी, २.२ मेगा म्हणजे लाल-लाल-हिरवा. चाचणी बॅटरीवरच करा. स्वस्त अडॅप्टरची घरघर सर्किटमधून वाढून बाहेर येते आणि आपण उगाच सर्किटला दोष देत बसतो.

गिटार जोडण्याआधी एकच मोजमाप घ्या: ग्राउंड आणि कलेक्टर यांच्यातलं व्होल्टेज. बीसी ५४९सी असेल तर ते साडेचार व्होल्टच्या आसपास यायला हवं, म्हणजे साधारण निम्म्यावर. निम्म्यावर का, तर सिग्नलला वर जायला आणि खाली यायला सारखीच जागा हवी. २एन३९०४ सारखा कमी गेनचा, म्हणजे सिग्नल कमी वाढवणारा, ट्रान्झिस्टर लावला तर साडेसहापर्यंतही जातं आणि तरी वाजतं.

हे मोजमाप मी पहिल्या वेळी घेतलं नव्हतं. माझ्याकडच्या आकृतीत २एन५०८८ होता, मी त्याच भोकांत, त्याच दिशेने बीसी ५४९ खोचला. आवाज आला, म्हणून मी खूश! पण तो पातळ होता आणि पॉट पूर्ण फिरवूनही गिटारच्या मूळ आवाजाहून बारीकच. दोन दिवस मी कपॅसिटर बदलत बसले. शेवटी मीटर लावला तर कलेक्टरच्या जागी आठच्या वर व्होल्ट. चपटी बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की २एन५०८८चे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर असे येतात. बीसी ५४९चे बरोबर उलटे, कलेक्टर, बेस, एमिटर. ट्रान्झिस्टर उलटा लागला होता. उलटा लागला तरी तो थोडंफार काम करतो, म्हणूनच ही चूक लपून राहते. असं झालं तर तो ट्रान्झिस्टर टाकून नवा लावा, कारण त्या उलट्या व्होल्टेजने त्याचा गेन बिघडलेला असू शकतो.

आता ॲम्पचा आवाज कमी ठेवून वाजवा, आणि डायोड बदलत ऐका. १एन४१४८ सिलिकॉनचा, साधारण ०.६ व्होल्टला सिग्नलचा माथा कापतो. दाट, खरखरीत, आणि कॉर्ड लांबवर टिकते. १एन३४ए जर्मेनियमचा, ०.३च्या आसपासच कापायला लागतो, म्हणून आवाज लहान पण कडा मऊ. दोन लाल एलईडी लावा, ते पावणेदोन व्होल्टच्या आसपास कापतात. मग हळू वाजवलं तर आवाज स्वच्छ, आणि पिक जोरात मारला तरच फाटतो. माझ्या सिंगल कॉइल (एकेरी गुंडाळीच्या) पिकअपच्या गिटारला मला हेच आवडतं. एका बाजूला एक डायोड आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळीने, हेही करून बघा.

हा फाटका आवाज मुळात बिघाडातून आलाय. १९६०-६१च्या सुमारास अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत रेकॉर्डिंग चालू असताना कन्सोलमधला एक ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या बेस गिटारचा सूर करकरला. इंजिनियर ग्लेन स्नॉडी यांनी पुढे तसाच आवाज देणारं ट्रान्झिस्टरचं सर्किट बनवलं, आणि १९६२ मध्ये ते माएस्ट्रो फझ-टोन म्हणून बाजारात आलं.

डायोड ऐकून झाले की गिटारचा सिग्नल आत आणणारा कपॅसिटर बदला. १०४ काढून १०३, म्हणजे १० नॅनोफॅरड. सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला वाजते, आणि या सर्किटमध्ये १०३ घातला की त्याच सुमाराला खर्ज गळायला लागतो. घरात एकटीने वाजवताना मला तो पातळ वाटला. बेस गिटारवाला सोबत असताना मात्र तोच बरोबर बसला.

आवाज अजिबात येत नसेल तर एक सोपं साधन करा. ॲम्पला जाणाऱ्या तारेच्या टोकाला एक १०४ जोडा, ग्राउंड सर्किटच्या ग्राउंडला, आणि कपॅसिटरचा मोकळा पाय सुरुवातीपासून एकेका जोडाला टेकवत पुढे जा. कुणाला तरी गिटारची तार छेडत राहायला सांगा. आवाज जिथे बंद होतो, त्याच्या अगदी अलीकडे दोष. माझ्या दहातल्या आठ चुका अशाच सापडल्यात.

मनासारखं वाजलं की व्हेरोबोर्ड, म्हणजे तांब्याच्या पट्ट्यांचा, सोल्डर करायचा बोर्ड. तांब्याच्या दोन पट्ट्यांमध्ये कटरचं पातं फिरवून सोल्डरचे केस काढून टाका. ट्रान्झिस्टरसाठी सॉकेट लावा. इथे दोन भाग वाढवा: प्लसच्या वाटेवर १एन५८१७ डायोड, पट्टीची बाजू सर्किटकडे, म्हणजे उलटा अडॅप्टर लागला तरी काही जळणार नाही; आणि इनपुटपासून ग्राउंडला १ मेगाओहम, त्याने स्विच दाबतानाची टपकन होणारी थाप कमी होते.

डबी ॲल्युमिनियमची, १५९०बी मापाची. फूटस्विचला १२ मिलिमीटरचं भोक, पॉटला ७, जॅकला १०. बारीक बिटने सुरुवात करून वाढवत न्या. नऊ पायांच्या फूटस्विचच्या मधल्या ओळीत इनपुट जॅक, आउटपुट जॅक आणि ग्राउंड. एका बाजूच्या ओळीत त्यांच्यासमोर क्रमाने बोर्डाचा इनपुट, बोर्डाचा आउटपुट आणि एलईडीचा मायनस. दुसऱ्या बाजूच्या ओळीत पहिले दोन पाय एकमेकांना जोडा. एलईडीच्या प्लसला ४.७ किलो ओळीत घालून तो नऊ व्होल्टला. स्विचच्या पायांवर सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका, आतलं प्लास्टिक मऊ होऊन संपर्क सुटतात.

बोर्डाखाली जाड पुठ्ठा चिकटवा, नाहीतर झाकण लावलं की शॉर्ट. झाकणाच्या आतल्या बाजूला मी मार्करने तारीख, ट्रान्झिस्टरचा नंबर आणि कलेक्टरचं व्होल्टेज लिहिते. पहिल्या डबीत ४.६ लिहिलंय. काही वर्षांनी ते पेडल मधूनच बंद पडायला लागलं तेव्हा झाकण उघडून मोजलं, ४.६च होतं, म्हणून बोर्डाला हात न लावता सरळ जॅक बघितले. आउटपुटची तार एकाच धाग्यावर लटकत होती.