रशियन भाववाचक नामं : काम झालंय की चालू आहे?

भाषांतराला लागले त्या पहिल्या वर्षी एका रशियन कार्यालयाचं पत्र माझ्याकडे आलं. अर्ज ‘ना रस्मत्रेनियि’ आहे, असं त्यात होतं. ‘रस्मत्रेनिये’ हे नाम ‘रस्मत्रेत्’ या पूर्ण, म्हणजे काम संपल्याचं सांगणाऱ्या, क्रियापदावरून आलेलं, म्हणून मी लिहिलं, ‘अर्जाचा विचार झाला आहे.’ खरा अर्थ नेमका उलटा होता : अर्ज विचाराधीन आहे. अर्जदारानं तोवर घरी निकाल लागल्याचं कळवूनही टाकलं होतं.

म्हणून आता मी विद्यार्थ्यांना आधीच सांगते. रशियन क्रियापदाला पूर्ण-अपूर्ण असा भेद असतो, त्यावरून बनलेल्या नामाला व्याकरणात तो नसतो. काही नामांच्या अर्थात मात्र त्याची खूण राहते. ती कुठे राहते, हे ओळखायला शिका.

सगळ्यात आधी बघा, नाम एकटं आहे की जोडीनं. ‘इझुचात्’ आणि ‘इझुचीत्’, म्हणजे अभ्यास करत असणं आणि अभ्यास पुरा करणं, या दोघांना मिळून नाम एकच : ‘इझुचेनिये’. तेही पूर्ण क्रियापदावरून. दोघांचंही काम त्या एकट्याला करावं लागतं, त्यामुळे ‘भाषेचं इझुचेनिये तीन वर्षं चाललं’ हे वाक्य अगदी बरोबर. तेच क्रियापदानं सांगायचं तर ‘इझुचात्’च हवं, ‘इझुचीत्’ चालणार नाही. ‘रिशेनिये’ तर आणखी पसरलेलं आहे : गणित सोडवणं, त्याचं उत्तर, शिवाय निर्णयही.

जोडी असली की कामाची वाटणी होते. ‘च्तेनिये’ म्हणजे वाचन, ‘प्रच्तेनिये’ म्हणजे वाचून होणं. शंका आली तर आधी ‘फ प्रत्सेस्से’, म्हणजे ‘च्या ओघात’, लावून बघा. ‘च्तेनिये’ सहज बसतं, ‘प्रच्तेनिये’ कानाला खटकतं. ‘पोस्ले प्रच्तेनिया’ म्हणजे ‘वाचून झाल्यावर’, इथे ते शोभतं. चेखवचं ‘नवं प्रच्तेनिये’ म्हटलं, की त्याच्या लेखनाचा नव्यानं लावलेला अर्थ समजायचा. तिथे ‘वाचन’ लिहिलं तर सगळा मुद्दाच हातचा जातो.

शब्दात ‘-इवानिये’ दिसलं की सावध व्हा, तिथे बहुतेक वेळा क्रिया डोळ्यांसमोर चालू असते. ‘रस्मात्रिवानिये’ म्हणजे चित्रं न्याहाळत बसणं. त्याचा विचाराधीन अर्जाशी संबंध नाही. ‘अत्क्रिवानिये’ म्हणजे कडी काढून दार उघडण्याची क्रिया, तर ‘अत्क्रीतिये’ बहुतेक वेळा प्रदर्शनाचं उद्घाटन किंवा शास्त्रज्ञानं लावलेला शोध.

वहीत नाम कधीच एकटं उतरवू नका. ‘अत्क्रिवानिये’पुढे दार लिहा, ‘अत्क्रीतिये’पुढे प्रदर्शन, ‘रस्मत्रेनिये’पुढे अर्ज.