ऑटोडेस्कचे पीई गुणोत्तर कसे वाचावे

शेअरच्या बाजारभावाला प्रति शेअर मिळकतीने भागले की पीई गुणोत्तर मिळते. भागाकार शाळकरी आहे. अडचण असते ती भाजकात. आपल्याकडच्या वास्तुविशारदांना ऑटोकॅड आणि रेव्हिट या आराखडे काढण्याच्या सॉफ्टवेअरमुळे परिचित असलेल्या ऑटोडेस्क या अमेरिकी कंपनीचे उदाहरण घेतले, तर ही अडचण नीट दिसते.

प्रथम कोणत्या वर्षाची मिळकत धरली आहे, ते पाहावे. ऑटोडेस्कचे आर्थिक वर्ष ३१ जानेवारीला संपते, म्हणून तिचे ‘आर्थिक वर्ष २०२१’ हे बहुतांशी २०२० सालचेच असते. त्या वर्षी कंपनीची प्रति शेअर मिळकत ५.४४ डॉलर होती आणि पुढच्या वर्षी ती २.२४ डॉलरवर आली. सोयीसाठी भाव दोन्ही वेळी २५० डॉलर धरला, तर पीई ४६ वरून सुमारे ११२ वर जातो. धंदा मात्र बिघडला नव्हता, उत्पन्न वाढलेच होते. आधीच्या वर्षाच्या नफ्यात करविषयक तरतूद मागे घेतल्यामुळे आलेली मोठी एकरकमी भर होती, आणि ती दरवर्षी येणारी नव्हती. म्हणून निव्वळ नफ्याच्या आधी करपूर्व नफ्याची ओळ वाचावी. माझ्या मते घाईत सर्वाधिक दुर्लक्षित राहणारी ओळ हीच आहे.

यानंतर ‘समायोजित’, म्हणजे काही खर्च वगळून दाखवलेल्या मिळकतीचा प्रश्न येतो. आर्थिक वर्ष २०२२ साठी कंपनीने समायोजित प्रति शेअर मिळकत ५.०७ डॉलर दाखवली, म्हणजे त्याच २५० डॉलर भावाला पीई ४९ च्या आसपास येतो. २.२४ आणि ५.०७ यांतील तफावतीचा मोठा भाग कर्मचाऱ्यांना शेअरच्या रूपाने दिलेल्या मोबदल्याचा असतो. हा खर्च रोखीने होत नसला, तरी त्यामुळे जुन्या भागधारकांचा हिस्सा पातळ होतो. तेव्हा तो पूर्णपणे वगळणे मला उदारपणाचे वाटते. दोन कंपन्यांची तुलना करताना निदान दोघींची मिळकत एकाच पद्धतीने काढलेली आहे, एवढी खात्री करून घ्यावी.

काही वर्षी पीई काढताच येत नाही. २०१६ मध्ये ऑटोडेस्कने कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून वर्गणी स्वीकारली. पूर्वी एकदम जमा होणारे उत्पन्न आता थोडेथोडे हिशेबात येऊ लागले, खर्च मात्र तसाच राहिला, आणि सलग काही वर्षे तोटा दिसला. बांधकाम व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर पुरवणारी प्रोकोर २०२१ मध्ये शेअर बाजारात आली, तिच्याही वार्षिक हिशेबात पुढे तोटाच होता. अशा वेळी बाजारमूल्याची विक्रीशी तुलना करतात, आणि सोबत ग्राहक वर्गणीचे नूतनीकरण किती प्रमाणात करतात, हेही पाहतात.

रोख प्रवाहाची नफ्याशी तुलना करतानाही सावध राहावे. ऑटोडेस्कने अनेक वर्षांचे पैसे आगाऊ घेण्याऐवजी दरवर्षी आकारणी सुरू केल्यावर, आर्थिक वर्ष २०२४ मध्ये निव्वळ नफा वाढला आणि मुक्त रोख प्रवाह (धंद्यातून आलेल्या रोखीतून भांडवली खर्च वजा जाता उरणारी रक्कम) मात्र बराच घटला. त्या वर्षी केवळ पीई पाहणाऱ्याला शेअर आधीपेक्षा स्वस्त वाटला असता, तर केवळ रोख पाहणाऱ्याला महाग.