नावडत्या ब्लाउजपीसची आधुनिक गोधडी

महाराष्ट्रातील बहुतेक घरांत ओटी, बारसे आणि हळदीकुंकू यांच्या निमित्ताने आलेल्या ब्लाउजपीसचा एक गठ्ठा कपाटाच्या वरच्या कप्प्यात पडून असतो. खादी, अजरख, निळीची छापाई असे कापड आवडणाऱ्या व्यक्तीच्या कपाटात तर तो वाढतच जातो, कारण त्यातला झगझगीत राणी, पोपटी किंवा चिंतामणी रंग अंगावर घालवत नाही आणि कोणी प्रेमाने दिलेले कापड टाकूनही देता येत नाही. आधुनिक पद्धतीची गोधडी, म्हणजे मोठी मोकळी जागा, साधे भौमितिक आकार आणि सममितीचा हट्ट सोडलेली मांडणी, हा या गठ्ठ्याचा चांगला उपयोग आहे.

निवडीबाहेरच्या कापडातून उत्तम काम होते याचा मोठा दाखला अमेरिकेतील अलाबामा राज्यात सापडतो. तेथील फ्रीडम क्विल्टिंग बी ही कृष्णवर्णीय स्त्रियांची सहकारी संस्था १९६६ साली सुरू झाली आणि १९७०च्या दशकात तिने सीअर्स या कंपनीसाठी कॉर्डरॉयची उशांची आवरणे शिवली. त्या कामातून उरलेले शेवाळी, सोनेरी आणि नारिंगी तुकडे जवळच्या जीज बेंड येथील स्त्रियांनी आपल्या गोधड्यांत वापरले. रंग कंपनीने ठरवलेले होते, मांडणी मात्र सर्वस्वी त्यांची होती, आणि आज त्या गोधड्या संग्रहालयांत आहेत.

कात्री हातात घेण्यापूर्वी कापड नेमके का आवडत नाही हे ठरवावे, कारण ते कसे कापायचे हे त्यावरच अवलंबून असते. नक्षी नकोशी असेल, उदाहरणार्थ वीतभर मोर किंवा ठसठशीत गुलाब, तर कापडाच्या दीड ते दोन इंच रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात. इतक्या अरुंद पट्टीत मोर ओळखू येत नाही, फक्त रंगांची हालचाल उरते. रंगच नकोसा असेल तर त्याला मोकळी जागा आणि जोडीला तितकाच धीट दुसरा रंग द्यावा. राणी रंग फिक्या गुलाबीशेजारी भडक दिसतो, तोच चिंतामणी किंवा मोहरीच्या पिवळ्याशेजारी ठामपणे उभा राहतो. चमक नकोशी असेल तर कापड उलटे करून पाहावे. सॅटिनची मागची बाजू बहुधा मंद असते आणि ती वरच्या अंगाला वापरण्यास काहीच हरकत नाही.

यानंतर धागा तपासावा. कडेचा छोटा दोरा चिमट्यात धरून, जवळ पाणी ठेवून जाळून पाहावा: सुती दोरा जळलेल्या कागदासारखा वास देऊन राख होतो, तर पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गुठळी बनते. दोन्ही प्रकार एकाच गोधडीत चालतात, मात्र पॉलिएस्टरवर इस्त्री मंद ठेवावी आणि मध्ये सुती फडके घ्यावे. सॅटिन फार सरकत असेल तर कापण्यापूर्वी त्याला मागून इस्त्रीने चिकटणारे पातळ पेस्टिंग लावावे. लाल, राणी आणि गडद हिरवे तुकडे ओले करून पांढऱ्या फडक्यावर दाबावेत. रंग उतरत असेल तर पाणी स्वच्छ येईपर्यंत ते धुवावेत, आणि तरीही उतरत राहिला तर ते कापड या कामातून काढून टाकावे.

पार्श्वभूमीसाठी न रंगवलेला मांजरपाट सर्वांत योग्य वाटतो, कारण शुभ्र पांढऱ्यावर भडक रंग आणखी भडक दिसतात आणि मांजरपाटाचा सायीसारखा रंग त्यांना थोडे निववतो. तो चांगलाच आटतो, म्हणून धुऊन, वाळवून आणि इस्त्री करूनच कापावा. साधारण ५० × ६० इंचांच्या गोधडीला ३६ इंच पन्ह्याचा साडेतीन मीटर मांजरपाट लागतो. रंगीत कापडे चार घ्यावीत आणि त्यांत आपले लाडके निळीचे कापड मुळीच मिसळू नये. ते मध्ये आले की डोळा तिथेच विसावतो आणि बाकीची कापडे उपरी दिसतात. चारही कापडे शेजारी ठेवून मोबाइलने कृष्णधवल छायाचित्र काढावे. सगळी एकाच करड्या छटेची दिसली तर एक बदलून बरेच गडद किंवा बरेच फिके कापड घ्यावे, कारण मांडणी उठून दिसते ती रंगापेक्षा या गडद-फिक्या फरकाने.

मांजरपाटाचे साडेदहा इंचांचे १९ आणि ११ इंचांचे ११ चौकोन कापावेत. सगळीकडे पाव इंच माया, म्हणजे शिवणीसाठी कडेला सोडलेले जास्तीचे कापड, धरली आहे. ११ इंची चौकोन आता मुद्दाम थोडा तिरका, वरपासून खालपर्यंत कापावा, दोन भागांच्या मध्ये रंगीत पट्टी शिवावी आणि माया पट्टीच्या बाजूला वळवून इस्त्री करावी. काही चौकोनांत हीच क्रिया आडव्या दिशेनेही करावी, म्हणजे दोन रंग एकमेकांना छेदतात. पट्टी कापडाच्या उभ्या धाग्यावर कापलेली असावी, कारण उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी कापलेली, पट्टी शिवताना ताणली जाते आणि चौकोनाला झोळ येतो. शेवटी प्रत्येक चौकोन साडेदहा इंचांवर छाटावा. पट्टी ठरलेल्या जागीच यावी अशी धडपड करू नये. प्रत्येक चौकोनात ती थोडी निराळीकडे झुकण्यातच या पद्धतीची मजा आहे.

पाच उभ्या आणि सहा आडव्या ओळींत हे ३० चौकोन जमिनीवर मांडावेत. पट्ट्यांचे बहुतेक चौकोन एका बाजूला दाटीने ठेवावेत, एक-दोन दूर जाऊ द्यावेत आणि उरलेला भाग बिनधास्त मोकळा सोडावा. नावडते कापड संकोचाने एकाच कोपऱ्यात लावण्याचा मोह होतो, परंतु एकदाच आलेला पोपटी रंग चुकून लागल्यासारखा दिसतो; तोच तीन ठिकाणी आला की हेतुपुरस्सर वाटतो. मांडणी रात्रभर तशीच ठेवून सकाळी पुन्हा पाहावी, अर्थात घरात मांजर नसेल तर.

अस्तराला जुनी सुती साडी घ्यावी. तिचे ६४ इंचांचे दोन तुकडे कडेने जोडले की पुरेसे रुंद कापड मिळते. आत पारंपरिक गोधडीप्रमाणे दुसऱ्या मऊ साडीचे एक-दोन थर घातले तर कोकणातल्या किंवा मुंबईतल्या थंडीला पुरतात. नाशिक-महाबळेश्वरकडे कापसाचा पातळ थर बरा. सर्व थर ताणून, वीतभर अंतरावर सेफ्टी पिना लावून किंवा कच्चे टाके घालून पक्के करावेत. धावदोरा हाताने घातला तर दोन-दोन इंचांवर सरळ ओळी पुरतात आणि त्यासाठी जाड सुती दोरा वापरावा. मशीनवर शिवताना एक ओळ वरून खाली आणि पुढची खालून वर घ्यावी, नाहीतर थर एका दिशेला सरकून चुण्या पडतात.

काठाची पट्टी अडीच इंच रुंद आणि जोडून सुमारे २३५ इंच लांब लागते. ती चारांपैकी सर्वांत नकोशा वाटलेल्या कापडाची करावी. दुमडल्यावर ती कडेला पाऊण बोटापेक्षाही कमी दिसते आणि मधल्या पट्ट्यांना तिचा आधार मिळतो. पहिले धुणे थंड पाण्यात, वेगळे आणि न पिळता करावे व गोधडी सावलीत आडवी पसरून वाळवावी, कारण ओल्या साड्यांच्या वजनाने दोरीवर तिचा आकार ओढला जातो.