सावलीतल्या सांदवाडीची तयारी

बियाणं आणायच्या आधी मे महिन्यातला एक दिवस सांदवाडीतच, म्हणजे घरामागच्या परसबागेतच, काढा. सकाळी 9, दुपारी 12 आणि 3 वाजता सावली जिथवर येते तिथे चुलीतल्या राखेने रेघ ओढा. तिन्ही वेळा उन्हात राहिलेली जागा वांगी, मिरची अन् भेदरांची (टोमॅटोची). त्यांना सहा तास तरी ऊन हवं. तीन-चार तासांच्या उन्हात सांभार (कोथिंबीर), पालक, मेथी भागवून घेतात. त्याहून कमी असेल तिथे धोपा (अळू) लावा, न्हाणीच्या पाण्यावर तो माजतो.

ही रेघ मात्र मे महिन्याची. मृगाच्या सुमाराला दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावर असतो, भिंतीची सावली तिच्या पायातच राहते. डिसेंबरात तो दक्षिणेला एवढा कलतो की दहा फुटी भिंतीची सावली भर दुपारी उत्तरेला दहा फूट पडते. माझी पहिली मेथी तशीच भिंतीमागे पिवळी पडून गेली, अन् मी बियाण्याला शिव्या देत बसलो. म्हणून दिवाळी झाली की पुन्हा राख घ्या.

सावलीतलं माझं आवडतं पीक हळद. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिकडचं बेणं ओळखीतून मिळालं तर सोडू नका. ठणठणीत, डोळे फुगलेले कंद निवडा, मऊ पडलेले फेका. फूटभर अंतर ठेवा. आठ-नऊ महिने ती जागा अडते, तेव्हा कोपराच द्या.

काळ्या मातीला सावलीत वापसा लवकर येत नाही, म्हणजे जास्तीचा ओलावा लवकर उतरत नाही, बेणं कुजतं. वीतभर उंच वाफा करून कुजलेलं शेणखत मिसळा. झाडाच्या बुडाशी खोल खणू नका. तिथे खताच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून लावा. कुंपणाला पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) जाळण्याआधीच बाजूला काढा, बकऱ्या ऊन-सावली बघत नाहीत.

थोडे धने मात्र राखून ठेवा. एप्रिलात उघड्यावरचा सांभार करपतो, निंबाखालचा टिकतो. पण फेब्रुवारी-मार्चात निंब पानं गाळतो, तेव्हा घाई नको. नवी पालवी दाट झाली की धने रगडून, दोन फाकी करून टाका.