गेंडा हलवण्याआधी त्याचे नवे रान तपासा

शिकाऱ्यांपासून वाचवण्यासाठी गेंडे दुसरीकडे न्यायचे ठरले, की सगळ्यांचे लक्ष त्यांना पकडण्याच्या दिवसाकडे लागते. परंतु कामाची सुरुवात, जिथे त्यांना सोडायचे आहे त्या रानापासूनच करावी. 2018 मध्ये केनियातील नैरोबी आणि नाकुरू येथून त्सावो पूर्व राष्ट्रीय उद्यानात हलवलेल्या 11 काळ्या गेंड्यांपैकी एकही जगला नाही. तिथले पाणी खारट होते. ते प्यायल्याने तहान भागण्याऐवजी वाढत गेली आणि प्राणी तेच पाणी पुन्हा पीत राहिले. ही हानी टाळता येण्याजोगी होती, याचे फार वाईट वाटते.

म्हणून पाण्याचे नमुने उन्हाळ्यात, पाणवठे आटलेले असताना घ्यावेत आणि त्यांतील क्षारांचे प्रमाण तपासावे. काळा गेंडा झुडपांचा पाला खातो, तर पांढरा गवत चरतो, हे लक्षात घेऊन चाऱ्याचीही पाहणी करावी. गस्त आणि खबऱ्यांचे जाळे प्राणी येण्याआधीच उभे असावे. आसाममधील मानस येथे 2008 पासून आणलेल्या गेंड्यांपैकी काही शिकाऱ्यांच्या हाती पडलेच.

पकडण्याचे काम पहाटेच्या गारव्यात उरकावे. भुलीसाठी वापरले जाणारे एटॉर्फिन माणसालाही अत्यल्प मात्रेत घातक ठरते, त्यामुळे त्यावरचा उतारा पशुवैद्यकाच्या हाताशी हवाच. गेंडा खाली बसताच त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधावी, कानांत बोळे घालावेत आणि एका माणसाने डोक्याशी बसून केवळ श्वास मोजत राहावे. अवजड देहाचा भार एकाच कुशीवर फार वेळ राहू देऊ नये. त्याला छातीवर टेकवून ठेवावे. मग भूल अर्धवट उतरवली, की दोराने वळवत आणि मागून रेटत त्याला त्याच्याच पायांनी पिंजऱ्यात नेता येते. पिंजरा इतका अरुंद असावा, की त्याला आत उलटे वळता येऊ नये.

नव्या ठिकाणी आल्यावर त्याला भक्कम कुंपणाच्या आवारात ठेवावे आणि रोज सकाळी शेण पाहावे. ताजे शेण नियमित दिसू लागले, म्हणजे तो खातो आहे असे समजावे. तोवर मुक्त करण्याची घाई करू नये. नर एकमेकांपासून दूर सोडावेत, कारण हद्दीवरून त्यांच्यात जीवघेणी झुंज होते. सोडल्यानंतर ट्रान्समीटरच्या साहाय्याने रोज माग काढावा, आणि पहिल्या उन्हाळ्यात पाणवठे आटू लागताच पाण्याची तपासणी पुन्हा करावी.